विश्लेषण : दूरच्या तारकागुच्छांचे वय कसे मोजतात? त्यांचा रंग खगोलशास्त्रज्ञांना का फसवतो?

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि कन्या राशीतील दीर्घिका समूहाचे देखणे दृश्य मोबाइलच्या पडद्यांवरून जगभर फिरले. पाहणाऱ्यांचे लक्ष साहजिकच मोठ्या दीर्घिकांकडे गेले. पण अशा प्रत्येक मोठ्या दीर्घिकेभोवती शेकडो, क्वचित हजारो बारीक ठिपके विखुरलेले असतात. त्यातला एकेक ठिपका म्हणजे लाखभर किंवा त्याहून अधिक ताऱ्यांचा गुच्छ. या गुच्छांचे वय किती आणि ते कोणत्या मूलद्रव्यांचे बनले आहेत, एवढे समजले तर ती दीर्घिका कधी वाढली, तिने कोणत्या शेजाऱ्यांना गिळले हे सांगता येते. येत्या दहा वर्षांत अशा ठिपक्यांच्या छायाचित्रांचा पूर येणार आहे. प्रश्न आहे तो छायाचित्रावरून वय ओळखता येते का, हा. याचे उत्तर बरेचदा ‘नाही’ असे आहे.

दीर्घिका सोडून गुच्छच का मोजायचे?

दीर्घिकेत आज जन्मलेले, काल जन्मलेले आणि विश्वाच्या बालपणी जन्मलेले तारे एकत्र मिसळलेले असतात. तिच्या एकत्रित प्रकाशाला ‘तुझे वय काय’ असे विचारणे म्हणजे अख्ख्या गावाचे वय विचारण्यासारखे आहे. तारकागुच्छाचे तसे नाही. वायूच्या एकाच मेघातून, जवळपास एकाच वेळी त्यातले सगळे तारे जन्मतात. त्यामुळे त्यांचे वय सारखे आणि मूळ रसायनही सारखे असते. एकाच वर्षी पहिलीत घातलेल्या मुलांचा वर्ग जसा, तसे हे.

हिवाळ्यात डोक्यावर दिसणाऱ्या कृत्तिका हा विरळ, तरुण गुच्छ. त्याचे वय जेमतेम दहा-बारा कोटी वर्षे आहे. दुसऱ्या टोकाला बंदिस्त, गोलाकार गुच्छ येतात. त्यात लाखो तारे गच्च भरलेले असतात आणि वय दहा अब्ज वर्षांच्या पुढे असते. उन्हाळ्यात दक्षिणेला खालच्या बाजूस दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गोलाकार गुच्छ ज्ञात आहेत, देवयानी दीर्घिकेत चारशेहून अधिक, तर कन्या समूहातील एम-८७ या महाकाय दीर्घिकेभोवती सुमारे बारा हजार.

गुच्छातले घड्याळ नेमके कुठे असते?

तारा जितका जड तितका तो उधळ्या. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा आपले हायड्रोजन इंधन अडीच-तीन कोटी वर्षांत संपवतो. दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्याला सुमारे एक अब्ज वर्षे मिळतात, सूर्याला दहा अब्ज, आणि सूर्याहून हलके तारे त्याहून अधिक काळ तगतात. गुच्छातील प्रत्येक ताऱ्याचा रंग आणि तेज आलेखावर मांडले की बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यात बसतात, त्याला ‘मुख्य क्रम’ म्हणतात. इंधन संपत आलेले तारे हा पट्टा सोडून तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या दिशेने वळतात. हे वळण ज्या ठिकाणी दिसते, तेथल्या ताऱ्याचे आयुष्य म्हणजेच गुच्छाचे वय. खगोलशास्त्रातले हे सर्वांत विश्वासू घड्याळ मानले जाते.

विश्वासू असले, तरी त्यानेही एकदा मोठी पंचाईत केली होती. १९९०च्या दशकाच्या मध्यावर आकाशगंगेतील जुन्या गुच्छांची वये १४ ते १६ अब्ज वर्षे निघत होती, तर विश्वाच्या प्रसरणाच्या वेगावरून खुद्द विश्वाचे वय त्याहून कमी, काही मोजमापांनुसार दहा अब्ज वर्षांच्या आसपास येत होते. मुलगा बापापेक्षा मोठा, अशी ही स्थिती. चूक दोन्हीकडे होती. हिप्पार्कोस या युरोपीय उपग्रहाची ताऱ्यांची अंतरे १९९७ मध्ये उपलब्ध झाली, तेव्हा गुच्छ समजले होते त्यापेक्षा दूर आहेत असे दिसले. दूर म्हणजे प्रत्यक्षात अधिक तेजस्वी, अधिक तेजस्वी म्हणजे अधिक जड आणि म्हणून अधिक तरुण. वये बारा अब्जांच्या आसपास उतरली. पुढच्याच वर्षी विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचा शोध लागला आणि विश्वाचे वय वर सरकले. आज ते १३.८ अब्ज वर्षे मानले जाते. अंतरात दहा टक्के चूक झाली की वयात साधारण वीस टक्के चूक होते, हा त्या प्रकरणाचा आजही लागू असलेला हिशेब.

मग शेजारच्या दीर्घिकांत हेच घड्याळ का वापरत नाहीत?

वापरतात, पण फार थोड्या ठिकाणी. या पद्धतीला गुच्छातला एकेक तारा वेगळा दिसावा लागतो, तोही मंद, सामान्य तारा. मोठा मॅगेलन मेघ आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे, तेथे हे जमते. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथल्या एका जुन्या गोलाकार गुच्छाचे ते ‘वळण’ पाहण्यासाठी हबल दुर्बिणीला आकाशाच्या एकाच तुकड्याकडे एकूण सुमारे ८४ तास टक लावून बसावे लागले. २००४ मध्ये त्या गुच्छाचे वय सुमारे दहा अब्ज वर्षे असल्याचे जाहीर झाले. एका गुच्छासाठी साडेतीन दिवस. चारशे गुच्छांसाठी हबलचा एवढा वेळ कोणी देणार नाही. तरुण गुच्छांचे काम सोपे असते, कारण त्यांतले वळणावरचे तारे तेजस्वी असतात.

हबलनेच पुढे देवयानीच्या तबकडीचा सुमारे एक तृतीयांश भाग अतिनीलपासून अवरक्तपर्यंतच्या सहा गाळण्यांतून टिपला. त्यात गुच्छ शोधायचे कोणी? संगणकाला तेव्हा हे नीट जमत नव्हते. म्हणून छायाचित्रे इंटरनेटवर ठेवली गेली आणि सुमारे ३० हजार हौशी लोकांनी घरबसल्या त्यांवर खुणा केल्या. त्यातून २,७५३ गुच्छांची यादी तयार झाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेक तरुण. लोकसहभागातून विज्ञान, ही भाषणातली घोषणा वाटते, पण या यादीवर आजही शोधनिबंध लिहिले जातात.

रंग का फसवतो?

देवयानीच्या पलीकडे बहुतेक गुच्छ केवळ प्रकाशाचा एक ठिपका असतात. हातात उरतो तो लाखो ताऱ्यांचा मिसळलेला प्रकाश. गुच्छ म्हातारा होत जातो तसे त्यातले निळे, तप्त तारे संपतात आणि ठिपका तांबूस होतो. इथपर्यंत ठीक. पण गुच्छात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम अशी जड मूलद्रव्ये जास्त असली तरीही तो तांबूसच दिसतो. ही मूलद्रव्ये निळा प्रकाश शोषतात आणि ताऱ्याचा पृष्ठभागही थंड करतात. (खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्यांना ‘धातू’ म्हणतात, अगदी प्राणवायूलाही. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी इकडे दुर्लक्ष करावे.) म्हणजे तांबूस ठिपका हा धातूंनी गरीब म्हाताराही असू शकतो किंवा धातूंनी समृद्ध मध्यमवयीनही. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ गाय वर्दी यांनी १९९४ मध्ये या गोंधळाचा ठोकताळाच मांडला : वय तिप्पट केल्याने रंगात जो फरक पडतो, जवळपास तोच धातूंचे प्रमाण दुप्पट केल्याने पडतो.

यात धुळीची भर. वाटेतली धूळही प्रकाश तांबूस करते, संध्याकाळच्या सूर्यासारखा. त्यामुळे धुळीआड दडलेला पाच-सहा कोटी वर्षांचा गुच्छ आणि दहा अब्ज वर्षांचा स्वच्छ गुच्छ छायाचित्रात जुळे भाऊ वाटू शकतात. ही कागदावरची शंका नाही. जवळच्या ३८ सर्पिल दीर्घिकांतील सुमारे एक लाख गुच्छांची आणि तारकासमूहांची यादी हबलच्या छायाचित्रांवरून तयार झाली आहे. त्यातील अनेक जुन्या गोलाकार गुच्छांना संगणकाच्या आकडेमोडीने आधी तरुण व धुळकट ठरवले होते. नंतर संशोधकांना त्यासाठी वेगळे नियम लावावे लागले. अशा चुकीने दीर्घिकेच्या इतिहासात जे घडलेच नाही असे तारेजन्माचे पर्व घुसते. यादी लाखाची आहे म्हणून ती अचूक आहे असे वाचकाने मानू नये, एवढेच.

वर्णपटाने गाठ कशी सुटते?

ठिपक्याचा प्रकाश वर्णपटात पसरवला की त्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या नावाने ओळखली जाणारी, १९८०च्या दशकापासून वापरात असलेली पद्धत अशी : हायड्रोजनची हिरव्या-निळ्या भागातली एक रेषा गुच्छातील तप्त ताऱ्यांवर, म्हणजे मुख्यतः वयावर अवलंबून असते. मॅग्नेशियम आणि लोहाच्या रेषा प्रामुख्याने धातूंवर. एका अक्षावर एक, दुसऱ्यावर दुसरी मांडली की जाळे तयार होते आणि ठिपका जाळ्यात कुठे पडतो त्यावरून वय आणि धातू दोन्ही एकदम वाचता येतात.

देवयानीतील शेकडो गुच्छांचे असे वर्णपट ॲरिझोनातील साडेसहा मीटरच्या एमएमटी दुर्बिणीने घेतले गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून शंभराहून अधिक गुच्छ दोन अब्ज वर्षांपेक्षा तरुण असल्याचे स्पष्ट झाले. त्यातले काही पूर्वी जुने गोलाकार गुच्छ म्हणून नोंदले गेले होते. एडविन हबल यांनी १९३२ मध्ये देवयानीतील असे सुमारे १४० ठिपके ‘तूर्तास’ गोलाकार गुच्छ म्हणून नोंदले होते. त्यांचा तो सावधपणा योग्यच होता म्हणायचा.

तरीही हायड्रोजनची रेषा संपूर्ण सत्य सांगत नाही. काही जुन्या, धातूंनी गरीब गुच्छांत उतारवयातले तारे पुन्हा तप्त आणि निळे होतात. म्हातारपणी अंगात आलेल्या या उष्णतेमुळे रेषा ठळक होते आणि बारा अब्ज वर्षांचा गुच्छ सहा-सात अब्जांचा भासतो. देवयानीत ‘मध्यमवयीन’ ठरलेल्या अनेक गुच्छांवर याच कारणासाठी शंका घेतली गेली. उपाय एकच, अतिनील प्रकाशात पाहणे. तिथे हे निळे म्हातारे वेगळे उठून दिसतात.

मॅगेलन मेघातले गायब पर्व काय आहे?

महाराष्ट्रातून मॅगेलनचे मेघ जवळजवळ दिसत नाहीत, ते दक्षिण गोलार्धाचे धन. पण वये मोजण्यातून किती विचित्र गोष्ट हाती लागू शकते, याचे उत्तम उदाहरण तिथेच आहे. मोठ्या मॅगेलन मेघात बारा-तेरा अब्ज वर्षांपूर्वीचे पंधराएक गुच्छ आहेत. त्यानंतर थेट तीन अब्ज वर्षांच्या आतले, ते मात्र भरपूर. मधल्या आठ-नऊ अब्ज वर्षांत जवळपास काहीच नाही. ईएसओ-१२१ या क्रमांकाने ओळखला जाणारा, सुमारे नऊ अब्ज वर्षे वयाचा एक गुच्छ अनेक दशके या पोकळीतला एकमेव रहिवासी होता. २०२२ मध्ये त्याला आणखी एक सोबती मिळाल्याचे एका अभ्यासात सांगण्यात आले.

एखाद्या गावाच्या जन्मनोंदीत पिढ्यान्‌पिढ्या एकही नाव नसावे, तसे हे आहे. गंमत अशी की मेघातील सुटे तारे पाहिले तर या काळात तारे जन्मत होते, संथ गतीने का होईना. म्हणजे तारे जन्मले, गुच्छ मात्र नाहीत. किंवा गुच्छही जन्मले आणि विरून गेले. शेजारच्या लहान मेघात अशी पोकळी नाही, तिथे गुच्छ बऱ्याच सलग वयांचे आहेत. तीन अब्ज वर्षांपूर्वी दोन्ही मेघ एकमेकांच्या जवळ आले आणि त्या ओढाताणीत मोठ्या मेघात पुन्हा गुच्छ जन्मू लागले, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण. ईएसओ-१२१ हा मुळात लहान मेघातून पळवलेला असावा, असेही मत आहे. वाद मिटलेला नाही.

याच मेघांनी आणखी एक धडा दिला. एक ते दोन अब्ज वर्षे वयाच्या काही गुच्छांत ते ‘वळण’ एका जागी दिसण्याऐवजी पसरट दिसले. एकाच गुच्छात तीस-चाळीस कोटी वर्षे तारे जन्मत राहिले असावेत, असा अर्थ आधी काढला गेला. आता बहुतेकांचे म्हणणे असे की यामागे ताऱ्यांचे स्वतःभोवती फिरणे आहे. वेगाने फिरणारा तारा वेगळ्या रंगाचा दिसतो. म्हणजे जिथे एकेक तारा मोजता येतो, तिथेही घड्याळाचा काटा थरथरतोच.

रसायनावरून गिळंकृत दीर्घिकांचा माग कसा लागतो?

मॅग्नेशियमसारखी मूलद्रव्ये जड ताऱ्यांच्या स्फोटांतून येतात आणि तारेजन्मानंतर काही कोटी वर्षांतच वायूत मिसळतात. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या स्फोटांतून येतो, त्याला बरेचदा अब्जभर वर्षे लागतात. त्यामुळे लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम किती, यावरून तो वायू घाईघाईने समृद्ध झाला की सावकाश, हे कळते. लहान दीर्घिका सावकाश चालतात. मोठ्या दीर्घिकेच्या अंगणात ‘सावकाश’ रसायनाचा गुच्छ सापडला, तर तो पाहुणा असण्याची शक्यता मोठी. देवयानीच्या बाहेरच्या भागातील पीए-१७ या गुच्छाचे रसायन मोठ्या मॅगेलन मेघासारख्या बटू दीर्घिकेशी जुळणारे निघाले, हे असेच उदाहरण.

वय आणि धातू एकत्र मांडल्यावर आपल्या आकाशगंगेचे गुच्छही दोन फांद्यांत विभागले जातात : घरचे आणि बाहेरून आलेले. बाहेरच्या फांदीतले अनेक गुच्छ सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत विलीन झालेल्या एका दीर्घिकेचे असल्याचे मानले जाते. तिचा पुरावा गाया उपग्रहाच्या माहितीतून २०१८ मध्ये मिळाला. देवयानीबाबत २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात बाहेरच्या भागातील ९२ गुच्छांच्या वेगांवरून दोन गट दिसले, त्यांचे फिरणे एकमेकांना जवळपास काटकोनात. म्हणजे दोन वेगवेगळ्या काळातली दोन वेगळी आक्रमणे.

त्यानंतरच्याच वर्षी देवयानीने सगळ्यांना चकित केले. आरबीसी ईएक्सटी-८ या तिथल्या गुच्छात सूर्याच्या तुलनेत लोह अवघे आठशेव्या हिश्शाएवढे असल्याचे हवाई बेटावरील केक दुर्बिणीच्या वर्णपटातून समोर आले. त्याआधी कुठल्याही गोलाकार गुच्छात लोह सूर्याच्या सुमारे तीनशेव्या हिश्शाखाली उतरलेले दिसत नव्हते. त्याचे कारणही तयार होते : इतका गरीब वायू फार लहान दीर्घिकांतच असणार आणि त्यांच्यात मोठा गुच्छ घडवण्याइतके भांडवल नसणार. हा गुच्छ मात्र सुमारे दहा लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा. एका ठिपक्याच्या वर्णपटाने एक ‘किमान मर्यादा’ मोडीत काढली. ठिपक्याचे छायाचित्र आधीपासून उपलब्ध होतेच, त्यातून हे कळले नसते.

यापुढे काय? भारत कुठे आहे?

रुबिन वेधशाळा दहा वर्षे दक्षिणेचे आकाश सहा रंगांत पुन्हापुन्हा टिपणार आहे. मॅगेलनचे मेघ आणि कन्या समूह तिच्या टप्प्यात आहेत. देवयानी मात्र उत्तरेला असल्याने तिला दिसत नाही. युक्लिड ही युरोपीय अवकाश दुर्बीण २०२३ पासून काम करते आहे. दोन्हींच्या छायाचित्रांतून असंख्य गुच्छ मिळतील, पण ते रंगाच्या गोंधळासकट. वर्णपटाची आघाडी त्यामानाने मागे असली तरी हालचाल सुरू आहे. हवाईतील जपानी सुबारू दुर्बिणीवर एका वेळी सुमारे २,४०० वर्णपट घेणारे उपकरण २०२५ मध्ये कामाला लागले असून देवयानीचा परिसर त्याच्या कार्यक्रमात आहे. चिलीतील तशाच क्षमतेच्या फोरमोस्ट या उपकरणाच्या यादीत मॅगेलनच्या मेघांसाठी स्वतंत्र सर्वेक्षण आहे.

खरी टंचाई अतिनील प्रकाशाची. तो जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि अवकाशातली मोठी अतिनील दृष्टी आजही हबलचीच. ती दुर्बीण १९९० पासून फिरते आहे आणि जून २०२४ पासून दिशा सांभाळण्यासाठी एकाच जायरोस्कोपवर चालवली जात आहे. जेम्स वेब अवरक्तात पाहते, या कामी तिचा उपयोग मर्यादित. इथे भारताची नोंद घ्यावी लागते. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बीण बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने, पुण्याच्या आयुका आणि मुंबईच्या टीआयएफआरच्या सहभागातून व कॅनडाच्या साहाय्याने तयार झाली. तिचे बारकावे टिपण्याचे सामर्थ्य त्याआधीच्या अमेरिकी गॅलेक्स दुर्बिणीच्या तीन-चार पट आहे. देवयानीचे आणि लहान मॅगेलन मेघाचे तिने घेतलेले वेध वर सांगितलेले ‘निळे म्हातारे’ आणि खरोखरचे तरुण गुच्छ वेगळे करायला उपयोगी पडतात. तिची निकट-अतिनील वाहिनी मात्र काही वर्षांतच बंद पडली. दूर-अतिनील वाहिनीवर काम चालू राहिले. तिची वारसदार म्हणून एक मीटर व्यासाच्या ‘इन्सिस्ट’ या दुर्बिणीचा प्रस्ताव बंगळूरुच्या संस्थेने मांडलेला आहे. हबल थांबण्याआधी ती किंवा तिच्यासारखी दुसरी दुर्बीण वर गेली नाही, तर रुबिनच्या यादीतील अनेक गुच्छांपुढे वयाचा रकाना भरलेला असेल, पण तो भरवशाचा नसेल.